‘आईचं लक्ष कुठं होतं?’

आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी काय येतं? उद्या दहा ते दोन वीज नाही, रविवारी ग्रामसभा, देवळात महाप्रसाद, कुणाची तरी हरवलेली गाडीची चावी. आणि मग एखाद्या संध्याकाळी कुठल्या तरी गावातून फिरत फिरत एक फोटो येतो. शाळेच्या गणवेशातला मुलगा, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारा. खाली लिहिलेलं असतं, ‘सकाळपासून घरी नाही. बोलता येत नाही. दिसल्यास कळवा. जास्तीत जास्त शेअर करा.’

पुढचे काही तास माणसं ओळखू येत नाहीत, इतकी चांगली वागतात. पार्किंगवरून भांडणारे दोघे एकाच दुचाकीवरून टॉर्च घेऊन निघतात. कुणी विहिरींत डोकावतं, कुणी बसस्थानकावर फोटो दाखवत फिरतं. दुसऱ्या दिवशी एक ओळ येते. सापडला, पण. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि त्या रांगेत सातव्या-आठव्या जागी प्रश्न येतो, ‘पण आईचं लक्ष कुठं होतं?’

बापाचं लक्ष कुठं होतं, असं विचारलेलं मी अजून तरी वाचलेलं नाही.

हा प्रश्न कुठून येतो, तो विचारणारी माणसं दुष्ट नसतानाही का विचारतात, आणि तो विचारल्यामुळे पुढच्या मुलाचा धोका वाढतो कसा, हे समजून घ्यायला थोडं कायद्यात, थोडं वैद्यकात आणि थोडं माणसाच्या डोक्यात शिरावं लागतं. पण त्याआधी आमच्या घरातली अकरा मिनिटं सांगतो.

अकरा मिनिटं

माझा भाचा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. घरात त्याला बाबल म्हणतात. तेव्हा तो सात वर्षांचा होता. बहिणीचं घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मागं परसू, परसवापलीकडं उतार आणि उताराखाली व्हाळ, म्हणजे ओढा. सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला, म्हणून ती पुढच्या दारात गेली. सहा उंडे (गोल पाव) घेतले. सुट्ट्या पैशांचा घोळ झाला, पोदेराने खिसे चाचपले, ‘उद्यां दी गो’ म्हणाला. ती आत आली तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. त्या दाराची वरची कडी बाबलला तोवर कधी काढता आलेली नव्हती. त्या दिवशी त्याने पाट उभा केला, त्यावर चढला आणि काढली.

तो सापडला व्हाळावर, कपडे धुवायच्या दगडावर, पाय घोट्यापर्यंत पाण्यात, पाण्यावरच्या उजेडाकडे एकटक बघत. श्रावण होता, पाण्याला ओढ होती. धुणं घेऊन उतरलेल्या शेजारच्या मावशीने त्याला पाहिलं आणि ती तिथूनच ओरडली, ‘गो, तुमचो बाबल हांगा बसला!’ कडी निघाल्यापासून या हाकेपर्यंत अकरा मिनिटं गेली असावीत, असा आम्ही नंतर हिशेब मांडला. असे हिशेब घरात नंतर अनेक दिवस चालतात.

त्याला उचलून न आणता मावशी त्याच्या शेजारी दगडावर बसून राहिली. उचललं की तो किंचाळतो, हे तिला माहीत होतं, कारण रोज संध्याकाळी बहीण त्याला तिच्या पडवीत नेत असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

निघून जाणं म्हणजे काय

धावता-चढता येणारं, पण धोका न कळणारं मूल घरातून किंवा शाळेतून निघून जातं. हे स्वमग्न मुलांत इतकं नेहमीचं आहे की त्यावर स्वतंत्र अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतल्या बाराशेहून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांना विचारून केलेला एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांवरच्या मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केला होता. २६ टक्के मुलं काळजी वाटावी इतका वेळ खरोखरच बेपत्ता झाली होती. त्या बेपत्ता झालेल्यांपैकी ६५ टक्क्यांना रस्त्यावरच्या गाड्यांचा धोका झाला होता आणि २४ टक्क्यांना बुडण्याचा.

४९ टक्के म्हणजे जवळजवळ निम्मी घरं. इतक्या घरांतल्या आया निष्काळजी असतात असं मानायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

‘पळून जाणं’ हा शब्दही इथं चुकीचा आहे. पळून जाणाऱ्याला घर नको असतं. ही मुलं बहुतेक वेळा कशाच्या तरी मागे जातात. आवडीची जागा, आगगाडी, पंखा, पाणी. किंवा कशापासून तरी लांब जातात. चतुर्थीतले फटाके, शिगम्यातले ढोल-ताशे, लग्नघरातला गलका, मिक्सरचा आवाज. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो त्यांच्यातल्या अनेकांना दुखतो, अक्षरशः दुखतो. मग पाय जिकडे शांत आहे तिकडे निघतात.

आणि शांत काय असतं? पाणी. पाण्यावर उजेड हलतो, आवाज एकसारखा येतो आणि पाण्यात उतरलं की अंगावर चोहोबाजूंनी सारखा दाब पडतो. मोठे झालेले, बोलू-लिहू शकणारे स्वमग्न लोक हा दाब सुखाचा असतो असं सांगतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूच्या नोंदींवरून एक निष्कर्ष निघाला. स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या १६० पट. छापताना चूक झालेली नाही, एकशे साठ पटच.

आता हा आकडा गोव्याच्या नकाशावर ठेवून बघा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणारे असंख्य व्हाळ. जुन्या घरांच्या परसवातल्या बांवी, म्हणजे विहिरी, काहींचे कठडे गुडघ्याएवढे. देवळांच्या तळ्या, ज्यांना पायऱ्या असतात आणि लहान मुलाला पायरी म्हणजे आमंत्रणच. खाडीकाठच्या खाजन शेतीतले बांध आणि मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, जिथं भरती-ओहोटीचं पाणी घुमत जातं आणि बघत राहावंसं वाटतं. डिचोली, सत्तरी, सांगेच्या बाजूला २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये थांबलेल्या खाणींचे खंदक, हिरव्या पाण्याने भरलेले, काठ सरळ तुटलेले. समुद्राचं नाव मी अजून घेतलेलंच नाही. समुद्रकिनाऱ्यावर निदान दिवसा जीवरक्षक असतात. परसवातल्या बांवीवर कोण असणार?

म्हणून बोलता न येणारं मूल दिसेनासं झालं की पहिलं पाऊल एकच. आधी पाणी बघायचं. शेजाऱ्यांकडे चौकशी, फोटो टाकणं, नातेवाइकांना फोन, सगळं नंतर किंवा दुसऱ्या माणसाने. मूल बुडताना सिनेमात दाखवतात तसं हात वर करून ओरडत नाही, ते आवाज न करता जातं आणि दोन-तीन मिनिटांत जातं. घरातली दोन माणसं असतील तर एकाने जवळच्या पाण्याकडे धावावं, दुसऱ्याने ११२ लावावा.

शोधायची आपली पद्धतही इथं आड येते. पन्नास माणसं बॅटऱ्या घेऊन, नावाने हाका मारत, कुत्री भुंकवत रान पालथं घालतात. त्यामागचं मन मोठं असतं. पण ज्या मुलाला गलका दुखतो ते अशा वेळी आणखी आत, झुडपात, कपारीत, टाकीमागे सरकतं आणि नाव ऐकून ‘ओ’ देत नाही. कधी कधी ते शोधणाऱ्यांपासून दहा पावलांवर असतं. अशा वेळी थोडी माणसं, थोडा आवाज आणि फोनवर त्याचं आवडीचं गाणं याचा उपयोग जास्त होतो.

न्यूयॉर्कची गोष्ट

लोक कसे वागतात हे बघायला एक गाजलेलं प्रकरण घेऊ. ४ ऑक्टोबर २०१३, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. चौदा वर्षांचा, न बोलणारा स्वमग्न मुलगा भर दुपारी शाळेच्या बाजूच्या दारातून बाहेर पडला. शाळेपासून नदी जवळच. त्यानंतर त्या शहराने जे केलं ते थक्क करणारं होतं. खांबाखांबावर त्याचे फोटो. त्याला आगगाड्यांचं वेड होतं म्हणून भुयारी रेल्वेत घोषणा, बोगद्यांत शोध. पोलिसांच्या गाड्यांवरून त्याच्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज रस्त्यारस्त्यांत वाजवला गेला. अनोळखी माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन शोधत होती. ‘आम्ही त्याला पाहिलं’ असे निरोप येत राहिले आणि प्रत्येक वेळी तो दुसराच कुणीतरी निघाला. जानेवारी २०१४ मध्ये नदीच्या काठी त्याचे अवशेष मिळाले.

तिथंही दुःखापाठोपाठ संताप आला. पण तो संताप मुख्यतः दाराकडे वळला. दार उघडं कसं राहिलं, दाराला गजर का नाही, मुलगा बाहेर पडल्यावर शाळेने किती वेळ घालवला. २०१४ मध्येच न्यूयॉर्कच्या महापालिकेने शाळांच्या दारांना गजर बसवण्याबाबत कायदा केला. २०१८ मध्ये अमेरिकेत देशपातळीवर कायदा झाला, त्यातून अशा मुलांचा माग काढणाऱ्या साधनांना आणि पोलिसांच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा देण्याची सोय झाली. बोट आईकडे न जाता दाराकडे गेलं, तर शेवटी दारं बदलतात. आपल्याकडे बोट आईकडे जातं आणि कडी होती तिथंच राहते.

‘अपहरण’ हा शब्द आणि त्याची पिलावळ

मूल हरवल्याची बातमी छापून येते तेव्हा त्यात बहुधा लिहिलेलं असतं, ‘अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंद’. हे वाचून लोक हादरतात. म्हणजे कुणीतरी नेलंच! नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी एफआयआर नोंदवायचाच आणि उलट सिद्ध होईपर्यंत मूल पळवलं गेलंय असं धरून तपास करायचा. आधी व्हायचं असं की ‘येईल संध्याकाळपर्यंत, नातेवाइकांकडे बघा’ म्हणून माणसाला परत पाठवलं जायचं. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून हे गृहीत धरणं आहे. म्हणजे त्या ओळीचा अर्थ ‘पोलिसांना अपहरणाचा पुरावा मिळाला’ असा होत नाही, ‘पोलीस कामाला लागले’ एवढाच होतो.

याच्याच जोडीला आणखी एक समजूत अजून जिवंत आहे, चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. असा नियम नाही. मूल हरवलं तर अकराव्या मिनिटालाही तक्रार देता येते, आणि जवळचं ठाणं दुसऱ्या हद्दीतलं असेल तरी ते ‘शून्य एफआयआर’ नोंदवून पुढे पाठवतं. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही चालू असतो.

पण ‘अपहरण’ हा शब्द एकदा ग्रुपवर पडला की त्याला पिलं होतात. मुलं पळवणारी टोळी आली आहे, पांढऱ्या गाडीतून फिरतात, अमुक राज्यातल्या बायका आहेत, किडन्या काढतात. या पिलांनी माणसं खाल्लेली आहेत. १ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारलं. ती माणसं भिक्षा मागायला आलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. बांधकामावरचा मजूर, भंगार गोळा करणारी बाई, शिमग्याच्या दिवसांत दारावर येणारा बहुरूपी, गोव्यात अशा अफवेच्या वाटेत उभी राहणारी माणसं कमी नाहीत.

शवचिकित्सा, व्हिसेरा आणि ‘काहीतरी दडवतायत’

मूल पाण्यात सापडलं की पुढची बातमी येते, मृतदेह शवचिकित्सेसाठी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवला, व्हिसेरा राखून ठेवला. ग्रुपवरचे तज्ज्ञ लगेच म्हणतात, ‘बघा, म्हणजे संशय आहे.’

असं नसतं. कुठलाही आकस्मिक मृत्यू झाला की पोलिसांना पंचनामा आणि चौकशी करावीच लागते. बुडण्याच्या बाबतीत डॉक्टरांना दोन वेगळ्या गोष्टी ठरवायच्या असतात, माणूस पाण्यात पडून गेला की गेल्यावर पाण्यात पडला. त्यासाठी फुप्फुसं बघतात, काही वेळा पाण्यातली सूक्ष्म शेवाळं शरीरात आत कुठवर पोचली ते तपासतात. व्हिसेरा म्हणजे काही अवयवांचे नमुने, विष किंवा औषध होतं का हे प्रयोगशाळेत बघण्यासाठी ठेवलेले. त्याचा अहवाल यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. तो वेळ म्हणजे दडपादडपी नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना हात अडखळतो पण सांगायला हवी. पाण्यात राहिलेल्या शरीरावर खुणा असतात. दगड घासतात, मासे आणि खेकडे आपलं काम करतात, बाहेर काढताना दोर लागतो. शरीर बाहेर काढताना काठावर उभ्या असलेल्या माणसाने ‘अंगावर जखमा होत्या’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. पण त्या जखमा जिवंतपणी झालेल्या की नंतरच्या, हे काठावरून कळत नाही, टेबलावर कळतं. ते कळेपर्यंत त्या घरातल्या लोकांना शेजारी खुनी ठरवून मोकळे झालेले असतात. आणि खरोखरच घातपात असेल तर? तर तोही याच तपासातून बाहेर येतो, ओरडण्याने येत नाही.

डोकं असं का चालतं

आता मूळ प्रश्नाकडे. ‘लक्ष कुठं होतं?’ हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. १९६० च्या दशकात मेल्व्हिन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. काही बायकांना एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवलं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तिची सुटका करणं ज्यांच्या हाती नव्हतं, त्या बघणाऱ्या हळूहळू तिच्यातच खोट काढू लागल्या. लर्नरने यातून मांडलं ते असं. जग न्यायाने चालतं, चांगल्याचं चांगलं होतं, हा विश्वास आपल्याला जगायला लागतो. निरपराध माणसाचं वाईट होताना दिसलं की तो विश्वास डळमळतो. मग आपण विश्वास सोडत नाही, त्या माणसाचं निरपराधपण काढून घेतो. आईने दुर्लक्ष केलं म्हणून झालं. मी दुर्लक्ष करत नाही. म्हणजे माझं मूल सुरक्षित आहे. तीन वाक्यांत झोप लागते.

दुसरी खोड मागून शहाणं होण्याची. १९७५ मध्ये बरूख फिशहॉफने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईची हकिगत वाचायला दिली. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच शेवट आधीपासून उघड दिसत होता असं वाटलं. आमच्या बाबतीतही तसंच. पोदेर येण्याआधी त्या पाटाकडे बघून कुणाला काही वाटलं नव्हतं. नंतर सगळ्यांना वाटलं, पाट तिथं ठेवायचा का कधी?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते, आणि ती शिवी म्हणून येत नाही, सहानुभूती म्हणून येते. ‘सुटला बिचारा. आईबापही सुटले.’ हे म्हणणारे डोळे पुसत म्हणतात. पण धडधाकट मुलगा बुडाला असता तर ‘सुटला’ म्हणायची त्याच माणसाची छाती झाली असती का? त्या एका शब्दात अमुक मुलाचं जगणं म्हणजे शिक्षाच होती हे गृहीत धरलेलं असतं. बाबल व्हाळावर बसला होता तेव्हा हसत होता. आणि गंमत बघा, ‘लक्ष कुठं होतं’ म्हणणारा आणि ‘सुटला’ म्हणणारा हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. एका तोंडाने आईवर मुलगा गमावल्याचा गुन्हा आणि दुसऱ्या तोंडाने त्याच गोष्टीबद्दल तिचं अभिनंदन.

यात अज्ञानही आहे, आणि ते सगळंच लोकांचं नाही. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत, त्यात आहे. ज्या पिढीने ‘वेडा’ आणि ‘शहाणा’ एवढे दोनच कप्पे पाहिले, तिच्याकडे दारातून चालत जाणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या मुलासाठी कप्पाच नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट भरला, देशभरातून दिव्यांग माणसं आली, मांडवीकाठी जत्रा झाली, आपल्याला अभिमान वाटला. वाटायलाच हवा. पण पणजीतल्या मंचावर टाळ्या घेणाऱ्या मुलाचं नाव त्याच्या स्वतःच्या वाड्यावर किती जणांना माहीत असतं?

कुलूप

बाबल सापडला त्याच संध्याकाळी चार-पाच जणी घरी येऊन गेल्या. कुणी वाईट बोललं नाही. ‘जरा लक्ष ठेव गो,’ एवढंच. पण त्या गेल्यावर बहिणीने मागच्या दाराला कुलूप घातलं, पुढच्याला घातलं आणि पुढचे दोन महिने बाबल अंगणाच्या बाहेर गेला नाही. मावशीच्या पडवीत जाणं बंद. देऊळ बंद. भावोजी म्हणाले, ‘लोकांचं बोलणं नको.’

यात काय घडलं बघा. ज्या एका गोष्टीने तो वाचला होता, तीच आम्ही काढून घेतली. मावशीला तो ठाऊक होता. तो कुठं बसतो, काय केल्यावर किंचाळतो, हे सगळं. तिच्या जागी त्याला कधीच न पाहिलेला कुणी असता तर? कडेवर उचलायला गेला असता, बाबल झटका देऊन सुटला असता, आणि श्रावणातल्या व्हाळात. किंवा ‘कुणाचं तरी पोर खेळतंय’ म्हणून सरळ निघून गेला असता. घरात दडवलेलं मूल एक ना एक दिवस कडी काढतंच, आणि बाहेर येतं तेव्हा त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं. दुसऱ्याच्या मुलाच्या बातमीखाली आपण जे लिहितो, ते असल्या प्रत्येक घरात वाचलं जातं. तिथं त्याचा एकच अर्थ निघतो, दार लावून घ्या.

कुलूप पूर्ण वाईट असं नाही. कडी वर नेली, पाट आत गेला, दाराला पन्नास रुपयांची घुंगरं बांधली, बांवीवर जाळी घातली. बाबलला पोहायला शिकवायला घातलं, ते अजून चाललंय. पण हे सगळं रक्षणाची पहिली फळी. दुसरी फळी माणसांची, आणि ती आपण स्वतःच्या तोंडाने पाडतो.

फोटोचंही जाता जाता. मूल हरवलेलं असताना फोटो पसरवणं गरजेचं. ते सापडलं, कसंही सापडलं, की तो फोटो काढून टाकावा. हरवलेलं मूल हे बाल न्याय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, आणि त्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणं हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेचा गुन्हा आहे. काठावरून काढलेला मृतदेहाचा फोटो पुढे पाठवणाऱ्याबद्दल मी कायद्याच्या आधी दुसरंच काहीतरी बोलेन, ते इथं छापण्यासारखं नाही.

दोन महिन्यांनी बहिणीने एक काम केलं. तिने भावोजींना न विचारता वाड्यावरच्या ग्रुपवर बाबलचा फोटो टाकला. हरवलेला नसताना. खाली लिहिलं :

‘हा आमचा बाबल. बोलत नाही, पण सगळं ऐकतो. एकटा दिसला तर समजा की आम्हाला माहीत नाही. हाक मारू नका, हात धरू नका, शेजारी बसा आणि मला फोन करा. घरी नसला तर आधी व्हाळ, मग देवळाची तळी, मग मुख्य रस्ता. त्याच्या आवडीचा आवाज लावला तर जवळ येतो.’

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. निळ्या खुणा वाढत गेल्या. भावोजी खोलीत येरझाऱ्या घालत होते. मग पोदेराने, जो एरवी फक्त ‘आज पाव ना’ एवढंच टाकतो, विचारलं, ‘खंयचो आवाज?’

बहिणीने थिवी स्टेशनवर रेकॉर्ड केलेली एक मिनिटाची फाईल पाठवली. मांडवी एक्सप्रेस थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे. वाड्यावरच्या निदान पंधरा-वीस फोनांत ती अजून आहे, आणि पंच आमच्या घरावरून जाताना मुद्दाम ती लावून जातात.